बंपर फुटला, क्लेम करावा का?

म्हापशाच्या अरुंद गल्लीत रिव्हर्स घेताना बंपर चिऱ्याच्या भिंतीवर आपटला. चूक आपलीच, तरी ओन डॅमेज (ओडी), म्हणजे विम्यातून आपल्याच गाडीच्या नुकसानीचा क्लेम करता येतो. करावा का, ते नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल ओडी प्रीमियमवर मिळणारी सूट, ठरवतो.

समजा बोनस वजा करण्याआधीचा ओडी प्रीमियम 12,000 आणि बोनस 50 टक्के. क्लेम केला की बोनस शून्य, मग दरवर्षी 20, 25, 35, 45 अशी चढण. प्रीमियम तेवढाच धरला तर पाच नूतनीकरणांत 15,000 जातात. बिल 18,000, त्यात प्लास्टिकचे 8,000. झिरो डेप (भागांची झीज न कापणारं जादा कव्हर) नसेल तर त्यातले निम्मे कापतात, वर 1,000 सक्तीची वजावट. हाती येतात 13,000. मग खिशातूनच भरलेलं बरं. बोनस प्रोटेक्ट (क्लेम केला तरी बोनस टिकवणारं जादा कव्हर) घेतला असेल तर गणित उलटतं.

कोणी जखमी झालं असेल तर हिशेब मांडत बसू नका. पोलिसांना आणि कंपनीला लगेच कळवा.