सायबाच्या दारातला काळा दगड

ओल्ड गोव्याला, सायबाच्या म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या दर्शनाला चालत निघायच्या आदल्या रात्री पप्पांचा फोन आला. ऐंशी ओलांडलेला माणूस, दोन्ही गुडघे गेलेले, पण आवाज अजून परांचीवरून ओरडणाऱ्या गवंड्याचा. "सायबाचं दर्शन तर घेशीलच. पण आत शिरायच्या आधी दाराच्या खांबाला हात लाव. तो काळा दगड आपल्या वसईचा आहे."

हे मी लहानपणापासून ऐकत आले. सांत गोन्सालोच्या सणाला आम्ही वसईच्या किल्ल्यात जायचो, तेव्हा पडक्या चर्चच्या दाराशी थांबून पप्पा तिथल्या काळ्या दगडावर तळवा टेकवायचे आणि हेच सांगायचे. असा दगड गलबतांत भरून गोव्याला गेला, कारण तिकडच्या जांभ्या चिऱ्यात नक्षी उतरत नाही. चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, वारा लागला की कडक होतो. पण अंगभर भोकं. त्यात देवदूताचं नाक कोरायला गेलं तर हातात येतं. आपला काळा दगड फोडताना जीव जातो, पण एकदा कोरला की कोरला. सायबाचं शव जिथे आहे त्या ओल्ड गोव्यातल्या बॉम जेझुसचं काम १५९४ साली सुरू झालं आणि १६०५ साली त्या चर्चचा अभिषेक झाला. वसई तेव्हा पोर्तुगीजांकडेच होती. जुन्या पोर्तुगीज कागदांत त्या दगडाचं नावच 'बसईचा दगड'.

पप्पांनी आयुष्यभर घरं बांधली, पण ओल्ड गोवा काही त्यांना बघायला मिळालं नाही. आधी पैसा नव्हता, नंतर वेळ नव्हता, आता गुडघे नाहीत.

ताई लग्न होऊन सावंतवाडीला गेली त्याला पंचवीस वर्षं होतील. तिथल्या मिलाग्रीस चर्चमधून त्यांचा गट दरवर्षी नोव्हेंबरच्या शेवटी चालत निघतो, ३ डिसेंबरच्या फेस्ताला, त्याच्या सणाला, सायबाच्या पायाशी पोचायला. यंदा मीही गेले. पहाटे चर्चमध्ये आशीर्वाद झाला, फादरांनी पवित्र पाणी शिंपडलं, ते थेंब थंडीत मानेवरून आत उतरले आणि मला एकदम रडू आलं. कशासाठी ते मला अजून सांगता येत नाही. ताईने नुसतं माझ्या पाठीवरच्या पिशवीचा पट्टा घट्ट केला.

बांदा, पत्रादेवी, मग गोव्याची हद्द. कुठल्या दिवशी काय झालं हे आता आठवून सांगता येत नाही. एका शाळेच्या व्हरांड्यात झोपलो, एका कपेलाच्या, छोट्या चर्चच्या, अंगणात झोपलो. कुणीतरी सोलकढी दिली, कुणीतरी केळी दिली. रस्त्यातल्या प्रत्येक खुरसापाशी, क्रुसापाशी, थांबून लादीन ही प्रार्थना म्हटली. मागून टेम्पो चाले, त्यावर कर्णा लावलेला, आणि सायबाचं तेच एक कांतार फाटक्या आवाजात सकाळपासून रात्रीपर्यंत. दुसऱ्या दिवशी मला त्याचा इतका वैताग आला की मी गटाच्या पुढाऱ्यांना जाऊन म्हटलं, काका, अर्धा तास बंद ठेवा, जपमाळ ऐकू येत नाही. ते म्हणाले, गाण्याने पाय उचलतात. म्हाताऱ्या बायकांचे पाय खरंच त्या तालावर उचलत होते. माझे उचलत नव्हते.

महामार्ग आता चौपदरी झालाय. पूर्वीच्या पदयात्रांतली वडाची सावली ताई अजून सांगते, पण आम्हाला मिळालं ते सिमेंट. वरून ऊन, खालून ऊन, आणि अंगाला घासून जाणारे ट्रक. दुपारी जपमाळेतले दुःखाचे रहस्य म्हणताना तिसऱ्या दशकाशी, येशूच्या काट्यांच्या मुकुटाशी, आले आणि लक्षात आलं, आपण त्या मुकुटाचा विचार करत नाही आहोत, आपल्या डाव्या टाचेचा करतो आहोत. लाज वाटली. मग टाच आणखी दुखली आणि लाजही गेली.

धारगळच्या जवळपास मी मागे पडले. बूट काढला तर मोजा चिकटलेला. टाचेवर सुपारीएवढा फोड, एका बाजूने फुटून कातडी सरकलेली. ताई पुढे गेली होती, टेम्पोही पुढे. रस्त्यापासून जरा आत एक घर दिसलं, चिऱ्याचं, बिनगिलाव्याचं, पुढे तुळस. तिथल्या पायरीवर टेकले. आतून एक आजी बाहेर आल्या. पांढरे केस, नऊवारी, हातात सूप.

"सायबाक चललंस?"

मी मान हलवली.

"पाय दाखय मगे."

मी नको नको म्हणत होते. घाण पाय, दोन दिवसांचा घाम, आणि समोर माझ्या आजीच्या वयाची बाई. त्यांनी ऐकलं नाही. सूप बाजूला ठेवलं, आत गेल्या, कोमट पाण्यात मीठ घालून परात आणली आणि माझा पाय धरून त्यात ठेवला. मीठ लागलं तशी मी ओरडले. त्या काही बोलल्या नाहीत, नुसता घोटा धरून ठेवला, घट्ट, वासराचा पाय धरावा तसा. पाणी निवेपर्यंत धरूनच ठेवला.

मग सुई आणली. चुलीच्या विस्तवात तापवली, तिच्यात पांढरा दोरा ओवला, खोबरेल लावलं, आणि फोडाच्या न फुटलेल्या बाजूने सुई आरपार काढून दोरा आत तसाच ठेवला, दोन्हीकडे बोटभर टोकं सोडून. "वरची कातडी काढू नुको," म्हणाल्या. "तीच औषध. ती काढलंस तर आतलां मास उघड्यार पडतला."

परातीतलं पाणी तुळशीच्या बाजूला ओतून त्या माझ्या शेजारी बसल्या. पेज दिली, खारातली कैरी दिली. मी भिंतीला टेकले होते, पाठीला चिरा टोचत होता. आजींचा नवरा चिरेखाणीवर होता. हे घर त्याने स्वतः काढलेल्या चिऱ्यांचं, पण गिलाव्यापुरते पैसे कधी जमले नाहीत. म्हणून दर वर्षी पावसाआधी भिंतीला माडाची झापां, झावळ्यांचे तट्टे, बांधायची आणि दसऱ्याला सोडायची. नवरा गेल्यावर एक वर्ष त्यांनी ती बांधली नाहीत. त्यांनी मला उठवून पश्चिमेची भिंत दाखवली. चिऱ्यांच्या कडा खाऊन गेलेल्या, खळगे पडलेले, बोट लावलं की तांबडी भुकटी. एका पावसात एवढं.

"चिरो पाणी पिता गो," म्हणाल्या.

मग त्यांनी मला असा प्रश्न विचारला की माझा घास तोंडातच राहिला. ओल्ड गोंयच्या त्या तांबड्या इगर्जीला, सायबाच्या चर्चला, गिलावा कशाला नाही? त्या तिथे एकदाच गेल्या होत्या, नवऱ्याबरोबर, सायबाच्या शवप्रदर्शनाच्या वर्षी. बाकीच्या सगळ्या इगर्ज्या पांढऱ्या फेक, मग सायबाचीच तेवढी उघडी का?

मी सांगितलं, होता गिलावा. जुन्या फोटोंत बॉम जेझुस पांढरंच दिसतं. १९५० च्या दशकात पोर्तुगालहून आलेल्या एका वास्तुरचनाकाराने मूळ दगड दिसावा म्हणून तो काढून टाकला. तेव्हापासून भिंती तशाच.

आजी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग माझ्या टाचेकडे बघून म्हणाल्या, "आणि झापां?"

नाही, म्हटलं.

निघताना त्यांनी कनवटीची वीसची नोट काढून माझ्या मुठीत कोंबली. सायबाक मेणबत. कुणासाठी लावू विचारलं तर म्हणाल्या, तो जाणता. नाव मी विचारलं नाही, त्यांनीही माझं विचारलं नाही. रस्त्यापर्यंत सोडायला आल्या आणि एक ट्रक जाईपर्यंत माझा दंड धरून उभ्या राहिल्या.

कोलवाळचा पूल मी एकटीने ओलांडला. खाली नदी संथ होती. त्या पुलावर मी जी जपमाळ म्हटली तशी त्याआधी वर्षानुवर्षं म्हटली नव्हती, आणि त्यात टाच एकदाही आली नाही.

म्हापशात मिलाग्रीस सायबिणीला, मारियामातेला, तेल वाहिलं. पर्वरीचा चढ, मांडवीचा पूल, पणजीच्या चर्चच्या पायऱ्या खालूनच पाहिल्या. मी ऐकलं ते तिथल्या घंटेला. ती घंटा मूळची ओल्ड गोव्यातल्या आगुस्तीनकारांच्या मठाची, १८७१ साली इथे टांगली. घंटा ऐकली की वसईच्या माणसाला आपल्या घंटा आठवतात. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि आमच्या चर्चच्या घंटा देवळांत गेल्या. भीमाशंकरला मी त्यातली एक पाहिली आहे, १७२९ हा आकडा बोटाने चाचपून पाहिला आहे. तिथे ती रोज वाजते, लोक तिला हात लावून नमस्कार करतात. मला त्यात कधी दुःख वाटलं नाही. घंटा वाजत राहिली पाहिजे. मुकी झालेली घंटा मला बघवत नाही.

पणजी ते रायबंदर हा बांध तीनेक किलोमीटरचा, १६३० च्या दशकात घातलेला. दोन्ही हातांना पाणी, खारफुटी, मिठागरांची जमीन, आणि त्या चिखलाचा वास थेट आमच्या नायगाव-पापडीकडचा. भरती चढत होती. ताई आता माझ्याबरोबर चालत होती. धारगळला मला न बघता पुढे गेल्याचं तिच्या मनाला लागलं होतं आणि मला तिच्यावर चिडायचं राहून गेलं होतं. आम्ही दोघी गप्प चाललो. टेम्पोवरचं कांतार चालू होतं, पण पाण्यावरून येताना ते इतकं वाईट वाटत नव्हतं.

संध्याकाळी ओल्ड गोव्यात शिरलो. डोंगरावर सांत आगुस्तीनचा अर्धा मनोरा, आकाशात एकटा. १८३५ साली पोर्तुगीज सरकारने मठ बंद केले, माणसं गेली, निगा गेली, आणि १८४२ साली त्या चर्चचं छत खाली आलं. निगा सुटल्यावर सात वर्षं पुरली. से कॅथेड्रलचा एकच मनोरा, दुसरा १७७६ साली पडला तो पुन्हा कुणी बांधला नाही. मला ते एकमनोरी कॅथेड्रल फार आवडतं. पडलेलं लपवायला तिथे कुणी गेलं नाही, आणि जे उभं आहे त्याला चुना लागलेला आहे.

रात्र मंडपात काढली. पहाटेपासून एकामागून एक मिस्सा, कोकणीत, हजारोंची गर्दी. उपदेश माझ्या डोळ्यांवर झोप असताना झाला. पण ख्रिस्तशरीर म्हणून दिलेली पवित्र भाकर घेतली तेव्हा मी पूर्ण जागी होते.

नंतर दर्शनाची रांग. सायब वर चांदीच्या पेटीत, खाली फ्लॉरेन्सहून आलेला संगमरवर, आणि एका बाजूला सोन्याने मढलेली मुख्य वेदी. मान वर करून दोन मिनिटं मिळाली. मागायचं ठरवून आले होते ते सगळं विसरले आणि "आले बाबा" एवढंच म्हटलं.

बाहेर येऊन मी पुन्हा पुढच्या दारांशी गेले. तीन दारं, वर तीन मोठ्या खिडक्या, त्यांच्यावर तीन गोल खिडक्या, आणि सगळ्यांत वर काळ्या दगडात कोरलेली येशूच्या नावाची अक्षरं. बाजूची भिंत आधी पाहिली. आजींच्या पश्चिमेच्या भिंतीसारखी, तेच खळगे, तशाच खाल्लेल्या कडा. पावसाने या भिंती झिजताहेत, पुन्हा गिलावा करा, असं बॅसिलिकाच्या प्रमुख धर्मगुरूंनी २०२० साली जाहीरपणे सांगितलं. लोक म्हणतात, पण मग तांबडं रूप जाईल, ते किती सुंदर दिसतं. दिसतं, मलाही दिसतं. पण घर बांधणाऱ्याची मुलगी म्हणून सांगते, त्या भिंतीचं कातडं काढलेलं आहे. दोन दिवस टाचेवर ते सोसल्यावर मला त्या तांबड्या रंगाकडे आधीसारखं बघता येईना.

मग दाराच्या खांबावर हात ठेवला. काळा, गार, घट्ट. कोरलेल्या कडेवरून अंगठा फिरवला तर ती अजून बोटाला लागते. चारशेहून अधिक पावसाळे, आणि तो आमच्या किल्ल्यातल्या दगडासारखाच गार. लोक मला ढकलून आत जात होते, एक सेवक पुढे चला म्हणत होता. मी एका हाताने खांब धरून दुसऱ्या हाताने पप्पांना फोन लावला.

"हात लावला?"

"लावलाय. आत्ता हातच आहे."

"सांधा बघ. काळा नि चिरा जिथे भिडतात तिथे."

मी बोट सरकवलं. इकडे गुळगुळीत, मग एक रेघ, मग एकदम खरखरीत, आणि बोटाला तांबडं लागलं. तसंच सांगितलं. पलीकडे ते काही बोलले नाहीत. त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता.

"चिरा झिजतोय का?"

"हो पप्पा."

"आपला?"

"नाही."

"हं," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "ताई सांगत होती तुझ्या पायाचं."

"धारगळच्या एका आजींनी दोरा ओवलाय. बरं आहे आता. त्यांची मेणबत्ती लावायची आहे अजून."

"लाव. आणि दोरा काढू नकोस इतक्यात."