बाईंचा ‘फास्ट’

आमच्या वेळी मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून यायचं. आठवीत पोचलो तरी आमची मजल शब्दार्थ पाठ करण्यापुढे गेली नव्हती. त्या वर्षी इंग्रजीला नव्या बाई आल्या आणि त्यांनी फळ्यावर एकच शब्द लिहिला, ‘फास्ट’. म्हणाल्या, ‘अर्थ सांगा.’ हे काय विचारणं झालं? लालबाग-परळची मुलं आम्ही. करी रोडला फास्ट लोकल थांबत नाही, ती पकडायची तर दादर नाहीतर भायखळा गाठावं लागतं, हे आम्हाला अक्षरओळखीच्या आधीपासून ठाऊक. सगळा वर्ग ओरडला, ‘जलद!’

‘मग फास्ट कलर म्हणजे जलद पळणारा रंग का रे?’

वर्ग चिडीचूप. बोलला तो मागच्या बाकावरचा, एरवी तोंड न उघडणारा मुलगा. त्याचे वडील गिरणीत कापड रंगवायच्या खात्यात होते. ‘धुतला तरी जात नाही तो, बाई. पक्का.’

बाईंना हेच हवं होतं. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ पक्का, घट्ट असाच. त्यावरून नेटाने, जोर लावून काही करणं आलं. जोर लावून पळणारा वेगातच जाणार, म्हणून पुढे वेग आला. पण जुना अर्थही शब्दाने सोडला नाही. त्यामुळे ‘स्टँड फास्ट’ म्हणजे जागचे हलू नका आणि ‘रन फास्ट’ म्हणजे सुसाट सुटा. ‘फास्ट अस्लीप’ म्हणजे गाढ झोपलेला. भाऊच्या धक्क्याला होडी दोराने बांधून टाकतात, तेही ‘मेक फास्ट’. ‘हार्ड अँड फास्ट’ हा तर खलाशांचा शब्द, तळाला रुतून बसलेल्या जहाजाचा; नियमांना तो मागाहून चिकटला.

उपवासाचा फास्ट तरी वेगळा असेल, असं आम्हाला वाटलं. तोही त्याच मुळातला निघाला, नेम घट्ट धरण्यावरून आलेला. ब्रेकफास्ट म्हणजे रात्रभराचा उपवास सोडणं. ‘मग एकादशीला सकाळी साबुदाण्याची खिचडी खाल्ली तर फास्ट की ब्रेकफास्ट?’ असं एकीने विचारलं, तेव्हा बाई तोंडाला पदर लावून हसल्या.

एक मात्र त्यांनी बजावलं होतं. ‘फास्टली’ लिहायचं नाही. विशेषण असो की क्रियाविशेषण, दोन्हीकडे फास्टच. हापिसात साहेबाच्या ईमेलमध्ये ‘फास्टली’ दिसलं की माझा हात अजून लाल पेनाकडे जातो. (साहेबाला सांगायची छाती मात्र बाईंनी दिली नाही.)

चाळीत तेव्हा एखाद्या मुलीबद्दल ‘जरा फास्टच आहे’ अशी कुजबुज व्हायची. हा अर्थ काही आपल्या चाळीने काढलेला नव्हे, इंग्रजांकडेही तो आहेच. पण तेव्हा ते कोणाला माहीत? एका धीट मुलीने विचारलंच. बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, ‘शब्दकोशात बघ.’ शब्दकोश ग्रंथालयाच्या कपाटात, किल्ली शिपाईकाकांकडे. मधल्या सुट्टीत त्या कपाटापुढे आठवीची अख्खी तुकडी रांगेत उभी होती.