टोकोरोझावात प्लॉट घेताना

टोकियोतल्या निशी-कासाईत आपली मंडळी भरपूर आणि किराणा हाताशी. पण ते ज्या एदोगावा वॉर्डात येतं, त्याचा पूर-नकाशा पाहिला की तिथे स्वतःचं घर बांधावंसं वाटेना. वॉर्डाचा बराच भाग भरतीच्या पातळीखाली आहे. म्हणून टोकियोशेजारच्या सैतामा प्रांतातलं टोकोरोझावा बघायला लागलो. मुसाशिनो पठाराची उंच जमीन, शिवाय सेइबू रेल्वे लाइनने थेट टोकियोतलं इकेबुकुरो.

परदेशी माणसाला जपानात जमीन मिळते का, असं सगळे विचारतात. मिळते, आणि पूर्ण मालकीने. अडतं कर्जापाशी: पर्मनंट रेसिडेन्सी नसेल तर बऱ्याच बँका दारात उभं करत नाहीत. माझ्याकडे ती होती.

इथे जागा त्सुबोत मोजतात. ३० त्सुबो म्हणजे जवळपास आपला एक गुंठा. ४० त्सुबोचा एक प्लॉट आजूबाजूच्या भावापेक्षा बराच स्वस्त होता. कारण समोरच्या गल्लीत होतं. कायद्याने प्लॉट किमान ४ मीटर रुंद रस्त्याला निदान २ मीटर तरी लागून हवा, नाहीतर बांधकामाची परवानगीच नाही. रस्ता जुना आणि अरुंद असला तर त्याच्या मध्यापासून २ मीटर सोडून आत सरकायचं. मी टेप लावली, तर गल्ली जेमतेम ३ मीटर. प्लॉटची पुढची बाजू ११ मीटर, म्हणजे अर्ध्या मीटरच्या पट्ट्यात साडेपाच चौरस मीटर गेले. तिथे कुंपण घालायचं नाही, गाडी लावायची नाही, आणि एफएसआयलाही तो पट्टा धरत नाहीत.

एजंट म्हणाला, किरकोळ आहे. बायकोने विचारलं, "बांधकामाचा ट्रक आत येईल का?" येणार नव्हता. छोट्या गाड्यांनी माल आणायचा तर बिल्डर त्याचे पैसे वेगळे लावतो. स्वस्ताई तिथेच संपली.

घेतलेला प्लॉट ६ मीटर रस्त्यावर आहे. तळमजला प्लॉटच्या निम्म्या जागेपर्यंत बांधता येतो, एफएसआय १. 'बांधकामाच्या अटीसह' विकायला असलेल्या प्लॉटकडे फिरकलोच नाही. त्यात ठरलेल्याच बिल्डरशी, बहुधा तीन महिन्यांत करार करावा लागतो. मग मनासारखं घर कसलं!

इसार देण्याआधी एजंटकडचा परवानाधारक माणूस स्वतःचं कार्ड दाखवून जमिनीची सगळी कुंडली समोर मांडतो: झोन, गॅस, ड्रेनेज, आणि २०२० पासून पूर-नकाशाही. ऐकायला रटाळ, पण सातबाऱ्यासाठी खेटे घातलेल्या माणसाला ते सुखच वाटतं.

पैशांची गंमत वेगळीच. होमलोन हातात पडतं घर पूर्ण झाल्यावर, जमीनमालकाला पैसे त्याच्या कितीतरी आधी द्यायचे. मधल्या काळासाठी 'त्सुनागी' कर्ज काढतात. त्याचं व्याज जास्त. बँकेला घराचा नकाशा आणि कोटेशनही लागतं, त्यामुळे जमीन शोधतानाच बिल्डर ठरवावा लागला. दलाली ३ टक्के अधिक ६० हजार येन, वर टॅक्स.

बांधकामाआधी जिचिनसाई, म्हणजे त्यांचं भूमिपूजन. चार कोपऱ्यांना हिरवे बांबू, भोवती दोरी, मध्ये तांदूळ, मीठ, साके आणि एक अख्खा मासा. व्हिडिओ कॉलवर आई म्हणाली, "अगंबाई, पूजेला मासा?"

धाकधूक मात्र माती-परीक्षणाची होती. घर नेमकं कुठे बसणार हे ठरल्यावरच चार कोपऱ्यांत आणि मध्ये रॉड फिरवत आत घालतात. म्हणजे जमीन आधीच आपल्या गळ्यात. पोची निघाली तर पाया भक्कम करायचा खर्च आपला. आमची पक्की निघाली, आणि त्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे बायकोने तिहेरी काचांच्या खिडक्यांना लावले.