सोवळ्यातली पाहुणी

मृगाची पहिली सर आली तशी वीज गेली. आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात त्याचं कुणाला नवल नाही. दुपारी छत्री घ्यायला पडवीत गेलो, तर खुंटीला लागूनच भिंतीवर ही बाई पंख पसरून बसलेली. चांगली वीतभर. रंग फणसाच्या गऱ्याचा, पुढच्या कडेला धुरकट पट्टी.

नाव कळल्याशिवाय मला जेवण जात नाही, हा जुना रोग. शेपट्या नाहीत, म्हणजे चांद्रपतंग नव्हे. पंखांची टोकं सापाच्या तोंडासारखी नाहीत, म्हणजे अ‍ॅटलासही नव्हे. पण चारी पंखांवर एकेक गोल डोळा, आणि बुबुळाच्या जागी चक्क काच! आरपार भिंतीचा चुना दिसत होता. टसर! ज्याच्या कोशाचं टसर रेशीम निघतं, तो पतंग. नर विटकरी असतो, त्याच्या मिशा पिसांसारख्या रुंद, हिच्या बारीक. म्हणजे मादीच.

हिचे सुरवंट माटीच्या पानांवर वाढतात. मगरीच्या पाठीसारख्या सालीचा हा आपला राज्यवृक्ष. घाटावर त्यालाच ऐन म्हणतात. लहानपणी त्याच्या फांदीला देठाने लोंबणारी टणक फळं आम्ही दगडाने ठेचायचो. फुटायची नाहीत. ते कोश होते हे फार उशिरा कळलं.

याच खुंटीवर आजोबांचा मुकटा, म्हणजे सोवळ्याचं रेशमी धोतर, असायचा. टसरचा, मधाच्या रंगाचा. सुती सोवळं रोज धुवायचं. मुकटा न धुताही चालायचा. एकदा मी त्याला गाल लावून पाहिला. भर थंडीत आजोबांनी पुन्हा आंघोळ केली, आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

पतंग कोश भेदून बाहेर पडला की धागा सलग निघत नाही, म्हणून तो आतच वाफेवर मारतात. एका मुकट्यात असे किती गेले असतील? आजोबांना विचारायचं राहिलं. मुकट्याच्या सोवळ्यात हा प्रश्न त्यांना सुचला तरी असता का, कोण जाणे.

बरं, हिला खायला तोंडच नाही. सुरवंट असताना खाल्लेल्यावर काय ते आठवडाभर जगायचं. आजोबांच्या एकादशीला निदान साबुदाणा तरी होता.

तिला उठवायला नको म्हणून छत्रीशिवाय गेलो, चिंब होऊन आलो आणि आंघोळ करावी लागली.

सकाळी भिंत रिकामी. छत्रीच्या कापडावर मात्र सात अंडी, ओळीने चिकटवलेली. फुटायला ८-१० दिवस तरी लागतील. बाहेर धो धो कोसळतोय, आणि घरात छत्री एकच.