ऊडनडाटा ट्रॅकवर कॅम्पर ट्रेलर: कप्प्यांची कुलपं सांभाळत केलेला प्रवास

दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मारीपासून मार्लापर्यंतचा ऊडनडाटा ट्रॅक सुमारे ६२० किलोमीटरचा आहे आणि जवळजवळ सगळाच कच्चा. या वाटेवर जाऊन आलेले लोक टायर, इंधन आणि पाण्याबद्दल भरभरून सांगतात. कॅम्परच्या, म्हणजे गाडीमागे ओढायच्या, राहण्या-स्वयंपाकाची सोय असलेल्या ट्रेलरच्या, बाहेरच्या कप्प्यांच्या कुलपांबद्दल कोणी विशेष बोलत नाही. आमच्या घरात कॅम्परची डागडुजी माझ्याकडे आणि गाडी चालवणं नवऱ्याकडे, त्यामुळे मला हा रस्ता त्या कुलपांसकट लक्षात राहिला आहे.

इथे चोरापेक्षा धुळीचं भय मोठं. आपल्याकडे उन्हाळ्यात बैलगाडीच्या चाकोरीत फुफाटा साचतो, तसलीच मऊ, पिठूळ लाल माती इथे मैलोन् मैल पसरलेली असते. ट्रेलर वेगात असताना भोवती धुळीचा लोट तयार होतो आणि दाराला केसाएवढी फट असली तरी धूळ आत ओढली जाते. तांदूळ, पोहे, भाजणी, अंथरुणं, काहीच सुटत नाही. म्हणून दार रबरी पट्टीवर घट्ट दाबून धरणं हे कुलपाचं पहिलं काम मानावं. जाडजूड टाळं लावण्यावर पैसे घालण्यापेक्षा हा दाब नीट ठेवण्यावर घालावेत, असं माझं ठाम मत आहे.

आमच्या कॅम्परला, इथल्या बहुतेक कॅम्परांना असतात तशी, देवमाशाच्या शेपटीच्या आकाराच्या मुठीची कुलपं आहेत. दुकानात ‘व्हेल टेल’ म्हणूनच मागायची. मूठ बाहेर काढून फिरवली की आतली लोखंडी जीभ चौकटीच्या कडेमागे जाते आणि मूठ खाली दाबली की ती जीभ दाराला आत खेचते. जीभ एका आट्यांच्या दांड्यावर दोन नटांमध्ये धरलेली असते. नट सैल करून जीभ दाराच्या दिशेने सरकवली की दाब वाढतो, उलट केलं की कमी होतो. दुरुस्तीतलं निम्मं काम एवढंच आहे. त्याला नट फिरवायचे दोन पाने पुरतात, पण ते हाताशी हवेत, त्याच कुलूपबंद कप्प्यात नकोत.

निघण्यापूर्वी दोन तपासण्या जरूर करा. रात्री पेटती बॅटरी कप्प्यात ठेवून दार लावायचं आणि बाहेरून कुठे उजेड झिरपतो ते पाहायचं. मग कागदाची पट्टी दारात अडकवून ओढायची, चारही बाजूंनी. ती अडत अडत निघाली तर दाब ठीक आहे. सहज सरकली तर जीभ एक-दोन आटे दाराच्या दिशेने घ्या. मात्र मूठ दोन्ही हातांनी रेटावी लागेल इतकं आवळू नका. रबर कायमचं चेपतं, पातळ ॲल्युमिनियमचं दार वाकतं आणि मग कोपऱ्यांना फट पडते. कोपरे तर नेहमीच कच्चे असतात. रबराचा सांधा तळाशी किंवा कोपऱ्यात आला असेल तर तो सिलिकोनने बुजवून घ्या.

पोर्ट ऑगस्टा हे वाटेवरचं शेवटचं मोठं गाव. सुटे नट, वायसर, एखादं जादा कुलूप, जे काही हवं ते इथेच घ्या. कुलूप घेताना दाराच्या पत्र्यातल्या भोकाचं माप, स्क्रूंच्या भोकांमधलं अंतर, दाराची जाडी आणि जिभेची लांबी लिहून न्या. बाहेरून सारखी दिसणारी कुलपं मागच्या बाजूने सारखी नसतात. किल्लीचा क्रमांक बहुधा किल्लीवर किंवा कुलपाच्या तोंडावर कोरलेला असतो. त्याचा फोटो काढून ठेवा, कारण त्या क्रमांकावरून दुसरी किल्ली मिळते.

मारीला १८८४ साली रेल्वे आली आणि १९८० मध्ये ती जुनी घान लाइन बंद पडली. जुनी इंजिनं अजून तिथे उभी आहेत. त्याआधी आणि नंतरही या मुलखाचा माल उंटांवरून जात असे. उंटवाल्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हणत, पण त्यांतले बरेच जण तेव्हाच्या ब्रिटिश हिंदुस्थानातून आले होते. त्यांच्या मशिदीची प्रतिकृती गावात आहे, ती बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मारीनंतर टायरांतली हवा कमी केली, गाडीच्याही आणि ट्रेलरच्याही. रस्त्यावर आडव्या लाटा पडलेल्या असतात आणि त्यांचा खडखडाट नटबोल्टांचा शत्रू आहे. हवा कमी आणि वेग बेताचा असला की कुलपांवरचा ताणही कमी होतो. कॉवर्ड स्प्रिंग्जला मुक्काम केला. तिथल्या रेल्वे स्लीपरांच्या हौदात जमिनीतून वर येणाऱ्या पाण्यात बसून दिवसभराची धूळ उतरते. तंबू लावण्याआधी मी प्रत्येक दार उघडून रबर ओल्या फडक्याने पुसलं आणि नट हाताने हलवून पाहिले. रोज संध्याकाळी एवढं केलंत तर पुढचा बराच त्रास टळतो.

विल्यम क्रीकच्या पुढे, ऊडनडाट्याच्या वाटेवर, लाटा फार वाढल्या. एका थांब्यावर स्वयंपाकाच्या कप्प्याची मूठ लुळी लागली. कारखान्यातून साधे नट आले होते आणि त्यांतला बाहेरचा नट पार दांड्याच्या टोकाला आला होता. दाराला बाहेरून पट्टा बांधलेला होता म्हणून दार मिटलेलं राहिलं. असा एक आवळपट्टा प्रत्येक मोठ्या दारावर असूच द्या. आटे स्वच्छ पुसून, निळं लॉकटाइट (नट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा गोंद) लावून नट पुन्हा बसवले. निळंच घ्या. लाल लावलं तर नट पुढे तापवल्याशिवाय सुटत नाही. नायलॉनची कडी असलेले नट बसत असतील तर ते त्याहून उत्तम.

किल्ली अडकायला लागली तर तेल ओतण्याचा मोह आवरा. तेलात धूळ कालवली जाते आणि आतल्या बारीक पितळी पट्ट्या हलेनाशा होतात. डब्ल्यूडी-४० हा पातळ तेलाचा फवारा घाण धुऊन काढायला चालेल, पण त्यानंतर भोक पूर्ण वाळवून ग्रॅफाइट पावडर किंवा कोरडं टेफ्लॉनचं वंगण घाला. ग्रॅफाइट आणि तेल कधीही एकत्र करू नका. रबराला सिलिकोनचंच वंगण लावा, खनिज तेलाच्या ग्रीसने ते फुगतं. गाडी चालू असताना किल्लीच्या भोकावर चिकटपट्टीचा तुकडा लावला तर ही साफसफाई निम्म्यावर येते. जड झालेल्या कुलपात किल्ली पिरगाळू नका. किल्लीने फक्त कुलूप उघडायचं, दार ओढायला मूठ आहे. किल्ली तुटलीच तर कुलूप मूळच्या जागेवर आहे ना ते पाहून बारीक करवतीच्या पात्याने तुकडा बाहेर ओढता येतो.

ऊडनडाट्याच्या अलीकडे ॲल्जिबकिनाचा जुना रेल्वे पूल लागतो. अर्ध्या किलोमीटरहून लांब असा हा लोखंडी पूल नील्स नदीवर आजही उभा आहे, निवांत वेळ काढून पाहावा असा. इंधन मारी, विल्यम क्रीक, ऊडनडाटा आणि मार्ला इथे मिळतं. मे ते सप्टेंबर हा काळ बरा. पाऊस पडला की रस्ता बंद करतात आणि बंद रस्त्यावर गाडी घातली तर जबर दंड होतो, म्हणून रस्त्याची सरकारी माहिती रोज बघा.

मार्लाला डांबरी रस्ता लागला. घरी आल्यावर कॅम्पर धुताना दाबाच्या पाण्याचा झोत कुलपांच्या भोकांवर किंवा रबरावर धरू नका, धूळ आणखी आत जाते. आधी कोरड्या ब्रशने झाडा, मग पुसा. आणि कॅम्पर बरेच महिने उभी राहणार असेल तर मुठी पूर्ण दाबून ठेवू नका, दारं नुसती टेकवून ठेवा, म्हणजे पुढच्या प्रवासापर्यंत रबराची उभारी टिकून राहते.