वहिवाट

रविवार, दुपार

गरम पाण्यात मीठ टाकून पाय बुडवून बसलेय, वही मांडीवर. आज होपमधून, म्हणजे इंग्लंडमधल्या डर्बीशायरातल्या माझ्या गावातून, निघून लूझ हिलचा माथा, तिथून डोंगराच्या धारेने मॅम टॉरचा माथा, मग खाली कॅसलटन गाव आणि ओढ्याकाठच्या वाटेने परत घर. बारा-तेरा किलोमीटर झाले असतील. घड्याळाने दाखवलेला वेग इथे लिहीत नाही. साताऱ्यात पहाटे अजिंक्यताऱ्याच्या डांबरी चढावर पळणाऱ्या कुणी तो वाचला, तर म्हणतील, ही चालायला गेली होती की काय!

चढावर चाललेच मी. इथले पन्नाशी-साठीतले काटक पळणारेसुद्धा लूझ हिलच्या शेवटच्या टप्प्याला हात गुडघ्यावर ठेवून चालतात, त्यात कमीपणा कुणी मानत नाही. पहिल्या वर्षी मी मानायचे. गावापासून माथ्यापर्यंत ३०० मीटरची चढण, मी ती हट्टाने पळायचे आणि वर पोचल्यावर दहा मिनिटं नुसती धापा टाकत बसायचे.

लूझ हिलच्या समोर, दरीपलीकडे, विन हिल. एक हरलेली, एक जिंकलेली. कुठल्याशा जुन्या लढाईची कथा सांगतात, पुरावा काही नाही. गंमत म्हणजे हरलेली ४७६ मीटर आणि जिंकलेली ४६३. म्हणून मी नेहमी हरलेलीच चढते.

पण आज लिहायचंय ते चढाबद्दल नाही, पहिल्या दोन किलोमीटरबद्दल. गाव संपलं की डोंगर लागेपर्यंत सगळी कुरणं. दगडावर दगड रचलेल्या, चुन्या-सिमेंटशिवाय उभ्या भिंती आणि त्यात मेंढ्या. एप्रिल आहे, कोकरं पंधरा-वीस दिवसांची झालीत. मेंढीच्या कुशीवर रंगाने ३४ लिहिलेलं, आणि तिच्या दोन्ही कोकरांवरही ३४. आज एका फाटकापाशी ५१ नंबरचं एकटंच कोकरू भिंतीकडे तोंड करून ओरडत होतं आणि ५१ नंबरची आई भिंतीपलीकडे शांतपणे चरत होती. मी फाटक उघडून धरलं, तर ते माझ्याकडे न येता भलतीकडेच पळालं. शेवटी आईच आली, मला एक ठेवणीतली नजर देऊन. मी फाटकाची कडी नीट लावली, दोनदा ओढून पाहिली आणि पुढे निघाले.

ही कुरणं कुणाची तरी आहेत. आणि मी त्यांतून मधोमध पळतेय.

याची सवय व्हायला मला तीन महिने लागले. ऑर्डनन्स सर्व्हेचा, म्हणजे इथल्या सरकारी नकाशाखात्याचा, १:२५,००० चा नकाशा आहे, त्यावर हिरव्या तुटक रेषा असतात. आखूड तुकड्यांची रेषा म्हणजे पायवाट, लांब तुकड्यांची म्हणजे घोडा आणि सायकलही चालेल अशी वाट. रेषा असेल तिथून कुणीही जावं, मालक कुणीही असो. वाचून समजलं होतं, पण पाय तयार होईनात. त्यातली एक रेषा तर थेट एका शेतकऱ्याच्या खळ्यातून जाते. म्हणजे इकडे गोठा, तिकडे घराचं दार, मध्ये ट्रॅक्टर, आणि खांबावर पिवळा बाण: इथूनच. साखळीला दोन कुत्री. त्या पहिल्या हिवाळ्यात मी दर वेळी तो बाण बघून माघारी फिरायचे आणि मोटारींच्या रस्त्याने दीड किलोमीटरचा वळसा घालायचे. एकदा धुक्यात चुकून आतच शिरले. कुत्री भुंकली, एक म्हातारा बादली घेऊन बाहेर आला. मी सॉरी, सॉरी म्हणत मागे सरायला लागले. तो म्हणाला, "यू आर ऑलराइट, डक," आणि बादलीनेच पुढची दिशा दाखवली. डर्बीशायरात डक म्हणजे बदक नव्हे, 'अगं पोरी' म्हटल्यासारखं. मग पाठीमागून एकच वाक्य आलं: फाटक जसं असेल तसं ठेव. उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद.

त्या दिवशी धावताना मला आप्पा आठवले, माझे आजोबा.

आमच्या मळ्याकडे जायची वाट शेजाऱ्याच्या बांधावरून होती. बैलगाडी जाईल एवढी. मी सहावीत असताना एका पावसाळ्याच्या तोंडावर शेजाऱ्याने ती नांगरली. भांडण झालं, मग आप्पांनी मामलेदार कोर्टात अर्ज केला. १९०६ चा कायदा आहे तो, वाट अडवली तर अजूनही त्याच्याखालीच अर्ज होतो. पंचनामा, तारखा, साक्षी. 'वहिवाट' हा शब्द मी तेव्हा दिवसातून वीसदा ऐकला. आणि निकाल लागेपर्यंत आप्पांनी आम्हा भावंडांना एक काम लावून दिलं: शाळेतून आलं की दप्तर टाकायचं आणि त्या नांगरलेल्या ढेकळांतून मळ्यापर्यंत जाऊन यायचं. काम काही नसलं तरी. "मोडू द्यायची नाही," एवढंच म्हणायचे. चपला हातात घेऊन आम्ही तिघं पळत जायचो, शेजारीण दारातून बघत असायची, तिची पोरगी माझ्याच वर्गात होती. तिला शाळेत तोंड दाखवायची मला लाज वाटायची. माझं पहिलं पळणं हेच म्हणायचं.

इथल्या कायद्यात जवळपास तेच आहे हे कळलं तेव्हा मी नकाशा मांडीवर घेऊन एकटीच हसले. लोक एखाद्या वाटेने २० वर्षं बिनदिक्कत, कुणी न अडवता, परवानगी न मागता चालत राहिले, तर ती वाट सार्वजनिक धरली जाते. आणि शेतातून आडवी जाणारी पायवाट नांगरली, तर शेतकऱ्याने १४ दिवसांत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यायची. चौदा दिवस! आप्पांना तीन उन्हाळे लागले होते.

धारेवर आज वारा होता. बॅक टॉरवरून घसरत उतरले, हॉलिन्स क्रॉसला थांबून एक खजूर खाल्ला. ही खिंड म्हणजे ईडेल आणि कॅसलटन यांच्यामधली जुनी जा-ये. ईडेलला चर्च नव्हतं तेव्हा तिथले लोक माणूस गेला की पेटी खांद्यावर घेऊन हा डोंगर चढून कॅसलटनला पुरायला यायचे. मी रिकाम्या हातांनी धापा टाकत होते, म्हणून मुकाट्याने पुढे निघाले.

उत्तरेला किंडर स्काउटचं काळपट पठार लांबच लांब पसरलेलं दिसत होतं. २४ एप्रिल १९३२ ला चारेकशे लोक पलीकडच्या हेफील्ड गावातून ते चढायला निघाले. तिथे तित्तरवर्गीय पक्ष्यांची शिकार चालायची, रखवालदार असायचे, सामान्य माणसाला बंदी. झटापट झाली. बेनी रॉथमन हा म्होरक्या वीस वर्षांचा होता. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. पुढे राष्ट्रीय उद्यानांचा १९४९ चा कायदा आला, १९५१ मध्ये हाच सगळा डोंगराळ भाग, पीक डिस्ट्रिक्ट, ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झाला, आणि २००० च्या कायद्याने अशा माळांवर वाट सोडूनही हिंडायची मुभा मिळाली. म्हणजे खाली कुरणात एक रेषा, वर सगळं मोकळं.

खरं सांगायचं तर मला रेषाच आवडते. किंडरवर दोनदा गेले. चहाच्या चोथ्यासारखी काळी ओली माती, पाय नडगीपर्यंत आत, धुकं आलं की चारी दिशा सारख्या. मुभा आहे म्हणून कुठेही जाता येतं, पण मागे कुणी गेल्याची खूण नसते. वाटेवर ती असते. फाटकाच्या लाकडावर हात लागून लागून गुळगुळीत झालेली एक जागा असते, सगळ्यांचा हात तिथेच पडतो. माझाही.

मॅम टॉरवर लोहयुगातल्या गढीची तटबंदी आहे, म्हणजे आता नुसता गवताळ बंधारा. साताऱ्याच्या माणसाला गडावर बुरूज लागतात, मनाला काही पटत नाही. उतरताना तो मोडका रस्ता: डोंगर सारखा खचतो, दुरुस्त करून करून थकले आणि १९७९ मध्ये कायमचा बंद केला. डांबराचे थर एकावर एक, चिरलेले, मधली पांढरी रेघ अर्ध्यात तुटून दोन हात खाली गेलेली. मोटारीला बंद, पायांना चालू.

बुधवार, रात्र

पाऊस. पळाले नाही.

साताऱ्याला अण्णांना फोन केला. चुलते आहेत, मळा आता तेच बघतात. इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलं, आपली ती वाट आहे का अजून?

"हाय की. आठ फूट, मोजून दिलेली."

"चालतं का कुणी?"

"कोण चालतंय आता? समदी फटफटीवरनं मागल्या रस्त्यानं जात्यात. बाभळी आल्यात तिच्यात." मग थोडं थांबून म्हणाले, "तू कवा येतीस?"

डिसेंबरात, म्हटलं. पळायचे बूट घेऊन येते.

"बूट कशाला? कोयता लागंल," अण्णा म्हणाले.