नाडीवरची तुळस

लालबागच्या आमच्या चाळीत मे महिना लागला की मजलाच्या मजला कोकणात जातो. मागे उरायच्या त्या शेजारच्या काकू. आमची किल्ली त्यांच्याकडे, आणि किल्लीबरोबर खिडकीतली तुळसही. काकू पाणी घालायच्या ते मायेने, म्हणजे तांब्याच्या तांब्या. गेल्या वर्षी दहा दिवसांनी परत आलो तर कुंडीत चिखल आणि तुळस पिवळीधम्मक. पण बोलणार काय? शेजारधर्माला कोण नावं ठेवणार!

यंदा काकूंच्याच भाच्याचं लग्न निघालं, वेंगुर्ल्याला. जुन्या तुळशीच्या मंजिरीतून उगवलेलं वीतभर रोप कोणाच्या भरवशावर टाकायचं?

दोन लिटरची रिकामी बाटली मधोमध कापली. तोंडाकडचा भाग उलटा करून खालच्या अर्ध्यात बसवला. वर माती, खाली पाणी. बुचाला तापवलेल्या दाभणाने भोक पाडलं आणि त्यातून नाडी ओवली. हो, परकराचीच. घरात दुसरी सुती दोरी नव्हती. नवी कोरी नाडी रात्रभर पाण्यात लोंबत होती, पण सकाळी बघते तर पाण्याच्या वर दोन बोटंसुद्धा ओली नाही.

आई म्हणाली, "नव्या पंच्याने कधी अंग पुसलंयस का?"

तेव्हा डोक्यात उजेड पडला. कोऱ्या सुताला कांजी असते, शिवाय कापसाचं अंगचं मेण. धुऊन धुऊन ते गेलं की मगच सूत पाणी प्यायला लागतं. जुन्या परकराची विटकी नाडी घातली, माती वरून एकदा नीट भिजवली (कोरडीठाक माती काही ओढून घेत नाही), आणि पाणी मुकाट्याने वर चढू लागलं. शाळेत याला केशाकर्षण म्हणायचे, दोन मार्कांना यायचं. समईतलं तेल वातीच्या टोकापर्यंत रोज तसंच तर चढतं, पण ते बघून हे कधी सुचलं नाही.

नुसती लाल माती घट्ट बसते, म्हणून निम्मं कोकोपीट मिसळलं. पारदर्शक बाटलीत चार दिवसांतच हिरवं शेवाळ धरलं, तेव्हा भोवती वर्तमानपत्र गुंडाळलं. खरी धास्ती डासांची होती. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणजे नेमकी आमची सुट्टी. दोन अर्ध्यांमधली फट जुन्या ओढणीची पट्टी आवळून बंद केली.

परत आलो तेव्हा पाणी चार बोटं उतरलं होतं आणि रोपाला दोन नवी पानं आली होती. दुसऱ्या दिवशी काकू लग्नाचे लाडू घेऊन आल्या. खिडकीशी जाऊन बाटली फिरवून फिरवून पाहिली.

"म्हणजे आता किल्ली माझ्याकडे नको?"

"असं कसं काकू, किल्ली तुमच्याकडेच."

"बिचारीला दहा दिवस नाडी चोखायला लावलीस," असं म्हणत त्या आमच्याच मोरीतून तांब्या भरून घेऊन आल्या.